वर्ध्याला यायचे कसे : सेवाग्रामच्या परिषदा आणि पाहुण्यांची व्यवस्था

परिषदांचा इतिहास बहुधा ठरावांच्या आणि भाषणांच्या आधारे लिहिला जातो. अध्यक्ष कोण होते, कोणता मसुदा संमत झाला, विरोध कोणी केला, एवढे नोंदले की प्रकरण पुरे झाले असे मानण्याची रीत आहे. प्रतिनिधी कोणत्या गाडीने आले, स्थानकावर त्यांना उतरवून घ्यायला कोण गेले, त्यांची निजायची सोय कुठे केली, पहाटे किती वाजता त्यांना उठावे लागले आणि ताटात काय वाढले गेले, या गोष्टी कार्यवृत्ताच्या शेवटी आभारप्रदर्शनात येतात, तेवढ्याच. वर्धा जिल्ह्यापुरते पाहिले तर ही रीत अपुरी पडते. १९३४ नंतरची पंधरा-सोळा वर्षे या जिल्ह्याच्या गावात आणि त्याच्या शेजारच्या खेड्यात देशोदेशीची माणसे चर्चेसाठी येत राहिली, आणि तेथे येण्याची, राहण्याची व वेळ पाळण्याची जी पद्धत बसली तीच त्या चर्चेचा मोठा भाग होती. ठराव अनेक ठिकाणी झाले. पाहुण्याने पहाटेच्या घंटेला उठावे आणि आपले ताट आपण घासावे, ही अट मात्र फार थोड्या ठिकाणी होती.

या व्यवस्थेचा पाया लोहमार्गाने घातला. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला आणि त्याचे ठाणे प्रथम पुलगावजवळच्या कवठा येथे होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या लहान वस्तीच्या जागी हलवले गेले, तेथे आखीव रस्त्यांचे नवे गाव वसवण्यात आले आणि नदीच्या नावावरून त्याला वर्धा म्हणू लागले. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे मुंबईहून निघालेली ती जुनी कंपनी जिला लोक ‘जीआयपी’ म्हणत, भुसावळ ओलांडून नागपूरला पोहोचली व वर्धा तिच्या वाटेवरचे स्थानक झाले. या रेल्वेचे खरे गिऱ्हाईक कापूस होते. हिंगणघाटच्या कापसाला मुंबईच्या बाजारात नाव होते आणि पुढे वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून दक्षिणेकडे फाटा काढण्यात आला तोही याच हिशेबाने. १८९१ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर थेट कलकत्त्याच्या बाजूला जोडले. दक्षिणेकडचा फाटा बल्लारशाहच्या पुढे काझीपेठपर्यंत पूर्ण झाल्यावर १९२९ मध्ये ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस सुरू झाली, आणि तेव्हापासून मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास हे देशाचे दोन मोठे मार्ग वर्ध्याच्या परिसरात एकमेकांना छेदू लागले. कापूस आणि कोळसा वाहून नेण्यासाठी टाकलेल्या रुळांनी एका लहान जिल्हागावाला अशी जागा मिळवून दिली की मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास यांपैकी कोणत्याही शहरातून निघालेला माणूस गाडी न बदलता तेथे उतरू शकत असे. महात्मा गांधींनी वर्धा निवडले ते मुख्यतः जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे, हे खरे. परंतु वर्ध्याऐवजी एखादे आडमार्गाचे गाव असते तर तेथे इतकी माणसे येऊ शकली नसती, हेही तितकेच खरे आहे.

जमनालाल बजाज हे या कथेतील पहिले यजमान. वर्ध्याचे हे व्यापारी १९२० नंतर काँग्रेसच्या आणि गांधींच्या कामात पूर्णपणे गुंतले. विनोबा भावे १९२१ मध्ये वर्ध्याला आले ते त्यांच्याच निमंत्रणावरून, आणि १९२८ मध्ये आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी उघडले. १९३४ च्या डिसेंबरमध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा त्यांनी आपली बाग व इमारत संघाला दिली. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हे नाव मिळाले. त्यांचे राहते ठिकाण बजाजवाडी हे तर काँग्रेसच्या पुढाऱ्यांचे नेहमीचे उतरण्याचे घर झाले. काँग्रेस कार्यसमितीच्या अनेक बैठका वर्ध्यात भरल्या आणि ‘चले जाव’ आंदोलनाची दिशा ठरवणारा १४ जुलै १९४२ चा ठराव येथेच झाला. त्या काळी वर्ध्यात मोठी हॉटेले नव्हती. पाहुणा म्हणजे कोणाच्या तरी घरचा पाहुणा, हाच नियम होता. म्हणून परिषदेची व्यवस्था म्हणजे प्रत्यक्षात एका घराच्या स्वयंपाकघराची, अंथरुणांची आणि माणसांची व्यवस्था होती. जमनालालजी ११ फेब्रुवारी १९४२ रोजी निवर्तले. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्यांच्या देणग्यांचे आकडे सांगितले जातात, पण वर्षानुवर्षे दारात येणाऱ्या अनोळखी माणसांना गाडीच्या वेळी घ्यायला जाणे, त्यांच्या पथ्याची चौकशी करणे आणि परतीची जागा राखून ठेवणे, हे काम देणगीपेक्षा कमी मोलाचे नव्हते.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधी मगनवाडी सोडून पायी शेगाव या खेड्यात राहायला गेले, आणि पाहुण्यांच्या प्रवासाला एक नवा व अवघड टप्पा जोडला गेला. मीराबेन, म्हणजे इंग्लंडहून आलेल्या मॅडेलिन स्लेड, त्यांच्या आधी तेथे जाऊन राहिल्या होत्या. वर्ध्यापासून हे गाव सुमारे आठ किलोमीटरवर. धड रस्ता नाही, टपालाची सोय नाही, दवाखाना नाही; भोवती कपाशीची काळी जमीन, जी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चाकाला अशी लपेटते की बैलबंडीसुद्धा जागची हलत नाही. मलेरिया तर घरोघर होता. गांधींना स्वतःलाही त्याच वर्षी तो झाला व त्यांना वर्ध्याच्या रुग्णालयात हलवावे लागले. अशा ठिकाणी माणसे येऊ नयेत, किमान कमी यावीत आणि काम करता यावे, अशी गांधींची अपेक्षा होती. माणसे यायची थांबली नाहीत.

पत्त्याची अडचण याच काळातली आहे. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव, श्री गजानन महाराजांचे प्रसिद्ध स्थान, त्याच मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहे, आणि त्याला स्वतःचे रेल्वे स्थानक व जुने टपाल कार्यालय होते. गांधींच्या नावाने येणारी पत्रे आणि तारा त्या शेगावला जाऊ लागल्या. जगातून येणारे टपाल रोज थैल्या भरून येत असताना हा गोंधळ चालणे शक्य नव्हते, म्हणून १९४० मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावचे नाव सेवाग्राम करण्यात आले. या नावाला पुढे मोठा आदर्शवादी अर्थ चिकटला आणि तो योग्यही आहे. परंतु बदलाची तातडी टपालवाटपाच्या गैरसोयीतून आली होती. त्याच सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी गांधींशी थेट बोलता यावे म्हणून आश्रमात टेलिफोन बसवून दिला. ते यंत्र तेथे अजूनही जपून ठेवलेले आहे.

परदेशी पाहुण्यांचा येथवरचा प्रवास बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी परिषदेच्या निमित्ताने होई, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. जहाजाने आठवडेच्या आठवडे प्रवास करून भारतात आलेला प्रतिनिधी आपल्या मूळ परिषदेच्या आधी किंवा नंतर वर्ध्याचे तिकीट काढत असे. १९३७ च्या सुरुवातीला म्हैसूरला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेची जागतिक परिषद भरली. तिच्यासाठी अमेरिकेतून आलेले बेंजामिन मेज व चॅनिंग टोबियास हे दोघे कृष्णवर्णीय प्रतिनिधी त्या प्रवासात गांधींना भेटले. वर्ध्याला मेज यांना सुमारे दीड तास मिळाला, आणि त्या वेळेत त्यांनी अहिंसा व जातिभेद यांविषयी प्रश्न विचारले. मेज पुढे अटलांटाच्या मोरहाऊस महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले, आणि तेथे शिकलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना गुरुस्थानी मानले. १९३८ च्या डिसेंबरमध्ये मद्रासजवळच्या तांबरम येथे आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद होती; तिच्याशी संबंधित परदेशी धर्मोपदेशकही शेगावला येऊन गेले. त्याच वर्षीच्या जानेवारीत ब्रिटिश मुत्सद्दी लॉर्ड लोथियन खेड्यात मुक्काम करून गेले होते. त्याआधी १९३३ मध्ये जपानी बौद्ध भिक्षू निचिदात्सु फुजी वर्ध्याला आले, आणि त्यांच्या संप्रदायाचे भिक्षू पुढे आश्रमातही राहिले; त्यांच्या ढोलाच्या ठेक्यावरचा जपानी मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत मिसळला. ग्रँड ट्रंक आणि कलकत्ता मेल या दोन गाड्यांच्या वेळापत्रकात बसवलेल्या या भेटींनी जगाच्या पुढच्या इतिहासाला जे दिले, ते मोठमोठ्या परिषदांच्या जाहीरनाम्यांपेक्षा कमी नाही.

वर्ध्याने स्वतः बोलावलेली पहिली मोठी परिषद शिक्षणाविषयी होती. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने नवभारत विद्यालयात ती भरली, गांधी अध्यक्ष होते, आणि प्रांतांचे शिक्षणमंत्री व शिक्षणतज्ज्ञ तिला आले. हस्तोद्योगाच्या मध्यवर्ती आधाराने मातृभाषेतून सात वर्षांचे शिक्षण द्यावे, ही पुढे ‘वर्धा योजना’ किंवा ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेलेली कल्पना तेथे मांडली गेली आणि तिचा तपशील ठरवण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. दोन दिवसांची ही परिषद येथे एवढ्याचसाठी सांगायची की तिच्यातून निघालेल्या हिंदुस्तानी तालीमी संघाने सेवाग्रामला आपले केंद्र उभारले. आर्यनायकम पती-पत्नींच्या देखरेखीखाली चालणाऱ्या या शाळेत स्वयंपाक, सफाई, सूतकताई आणि शेती ही मुलांच्या अभ्यासाचीच अंगे होती, त्यामुळे सेवाग्रामला पंगती सांभाळण्याची, पाणी भरण्याची व आवार स्वच्छ ठेवण्याची सवय असलेला एक मोठा समूह तयार झाला. पुढच्या परिषदांना त्याचा मोठा आधार झाला.

सेवाग्रामला पोहोचलेल्या पाहुण्याला प्रत्यक्ष काय अनुभवावे लागे, याचे सर्वांत जिवंत वर्णन अमेरिकन पत्रकार लुई फिशर यांनी केले आहे. १९४२ च्या जूनमध्ये ते आठवडाभर तेथे राहिले. वर्ध्याचा जून म्हणजे पाऊस येण्याआधीचे दिवस. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढलेला असतो आणि पहिला पाऊस पडेपर्यंत रात्रीसुद्धा भिंती गरमच राहतात. स्थानकापासून टांग्याने धुळीच्या रस्त्याने आलेल्या फिशर यांना मातीच्या भिंतींच्या पाहुणेघरात जागा मिळाली. उकाड्यात टंकलेखन करणे अशक्य झाले तेव्हा त्यांनी पाण्याने भरलेल्या टबात एक लाकडी खोके ठेवले, त्यावर बसून टाइपरायटर दुसऱ्या खोक्यावर घेतला आणि अंग भिजवत भिजवत दिवसभराच्या मुलाखती उतरवून काढल्या. जेवण पंगतीत, जमिनीवर बसून. भाजी उकडलेली आणि बिनमसाल्याची. तीच भाजी पुन्हा पुन्हा पुढे आल्यावर त्यांनी ती नाकारली, तेव्हा मीठ आणि लिंबू घालून पाहण्याचा सल्ला गांधींनी दिला. पाहुण्याच्या ताटावर यजमानाचे असे लक्ष असे. मात्र पाहुण्यासाठी स्वयंपाक बदलत नसे.

वेळेविषयी आश्रमाचे धोरण याहून कडक होते. साबरमतीच्या सत्याग्रहाश्रमाची जी दिनचर्या छापली गेली होती, तीत पहाटे चारला उठणे, सव्वाचारला प्रार्थना आणि रात्री नऊच्या घंटेला निजणे असा क्रम होता. सेवाग्रामची रीत त्याच परंपरेची. दिवसाचे तुकडे घंटेने पाडले जात आणि गांधींना भेटणाऱ्याला मिळालेली मिनिटे घड्याळावर मोजली जात. परदेशी माणसाला हे वेळेचे भान ओळखीचे वाटे, पण त्याचा पहाटेकडे असलेला कल मात्र नवा असे. त्यातच देशातल्या घड्याळांचा जुना घोळ होता: रेल्वे व तार भारतीय प्रमाण वेळेवर चालत, कलकत्त्याची वेगळी वेळ १९४८ पर्यंत टिकली, आणि प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली जुनी ‘मुंबई वेळ’ त्या शहरात काही ठिकाणी १९५० च्या दशकापर्यंत वापरात होती. मुंबईला जहाजातून उतरलेल्या माणसाने गाडी पकडायची तर आपण कोणत्या घड्याळाकडे पाहत आहोत हे आधी विचारून घेणे शहाणपणाचे होते.

या सगळ्या सवयींची खरी परीक्षा १९४९ मध्ये झाली. जगातील शांततावाद्यांनी, म्हणजे कोणत्याही कारणासाठी युद्ध त्याज्य मानणाऱ्या कार्यकर्त्यांनी, गांधींच्या सहवासात एकत्र बसून विचार करावा अशी कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतर पुढे आली. क्वेकर, म्हणजे शस्त्र हाती न धरण्याचे व्रत पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथातील होरेस अलेक्झांडर यांचा तिच्यात पुढाकार होता. गांधींनी संमती दिली होती आणि १९४९ च्या आरंभी बैठक घ्यायचे ठरत होते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधींची हत्या झाल्यावर तो विचार सोडून द्यावा की काय, असा प्रश्न उभा राहिला. मार्चमध्ये सेवाग्रामलाच रचनात्मक कार्यकर्त्यांची परिषद भरली, जिच्यासाठी खुद्द गांधी फेब्रुवारीत येणार होते. जवाहरलाल नेहरू, राजेंद्र प्रसाद, विनोबा, ग्रामोद्योग संघाचे कुमारप्पा आदी तेथे एकत्र बसले आणि त्यातून सर्वोदय समाजाची कल्पना साकारली. जागतिक बैठकही रद्द झाली नाही, पुढे ढकलली गेली. ती १९४९ च्या डिसेंबरमध्ये दोन भागांत झाली: महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात आणि नाताळच्या आठवड्यात सेवाग्रामला. मधल्या काळात प्रतिनिधींनी लहान लहान गटांनी देश पाहावा, अशी योजना होती. तीसहून अधिक देशांतून लोक आले. राजेंद्र प्रसाद अध्यक्षस्थानी होते. त्यानंतर महिनाभरात ते प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्रपती झाले.

या आखणीचा विचार संयोजकाच्या बाजूने करून पाहिला म्हणजे तिची अवघडता ध्यानात येते. युरोपातून मुंबईला येणाऱ्या बोटीला दोन ते तीन आठवडे लागत. आफ्रिकेतून येणारे डर्बनहून पूर्व किनाऱ्याची बंदरे घेत मुंबईला पोहोचत. मुंबईत उतरलेल्या माणसाला आधी देशाच्या पूर्व टोकाला, हावड्याहून पुढे बोलपूर स्थानकापर्यंत जायचे होते, मग परत फिरून मध्यप्रांतात यायचे होते, आणि शेवटी पुन्हा मुंबई गाठायची होती. मुंबई ते वर्धा हे अंतर रेल्वेने सुमारे ७६० किलोमीटर, नागपूर ते वर्धा ऐंशीच्या आत, आणि नागपूर ते हावडा अकराशेच्या वर. रुळांचे राष्ट्रीयीकरण झालेले असले तरी विभागांची पुनर्रचना व्हायची होती, तेव्हा एका प्रवासात जीआयपी आणि बंगाल-नागपूर अशा दोन जुन्या कंपन्यांच्या नावांशी गाठ पडे. रुपया आणि पौंड यांचे सप्टेंबर १९४९ मध्ये एकाच वेळी अवमूल्यन झाले होते, त्यामुळे इंग्लंडमधून येणाऱ्याचा हिशेब तसाच राहिला, तर डॉलर घेऊन येणाऱ्याला रुपये अधिक मिळू लागले. घाईच्या माणसाला आणखी एक मार्ग त्याच वर्षी खुला झाला होता: ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, जिच्यात मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. या विमानांतून प्रवासीही नेले जात. म्हणजे सेवाग्रामच्या मातीच्या झोपड्यांपासून पाऊणशे किलोमीटरवर त्या काळातील देशाचा सर्वांत आधुनिक दळणवळणाचा चौक होता, आणि वर्ध्याचे भौगोलिक भाग्य रेल्वेइतकेच विमानाच्याही बाबतीत खरे ठरले.

महिना डिसेंबरचा निवडला यात विदर्भ जाणणाऱ्याचा हात दिसतो. उन्हाळा ओसरून पावसाचा चिखल वाळलेला असतो, कपाशीची वेचणी चालू असते, तुरीला फुले-शेंगा असतात आणि दिवसा मोकळ्यावर बसून बोलता येते. रात्र मात्र चांगली थंड होते. मातीच्या घरात जमिनीवर निजणाऱ्याला जाड पांघरूण लागतेच, आणि भारत म्हणजे उष्ण देश या समजुतीने पातळ कपडे आणणाऱ्या परक्या माणसाला हे आधी कळवावे लागते. पाणी उकळून प्यावे, रात्री मच्छरदाणी लावावी, अंधारात कंदील घेऊनच बाहेर पडावे, अशा सूचना त्या परिसरात पाहुण्याला द्याव्याच लागत. साप हा तर नेहमीचा शेजारी होता. त्याला मारायचे नाही म्हणून लाकडी चिमट्याने धरून पिंजऱ्यात घालायचे आणि दूर नेऊन सोडायचे, ही आश्रमाची पद्धत, आणि तो चिमटा व पिंजरा गांधींच्या झोपडीत, म्हणजे बापूकुटीत, आजही पाहायला मिळतो. शौचासाठी चराचे संडास आणि वर माती टाकण्याचा शिरस्ता. हे सारे सांगताना संकोच वाटू नये, कारण अहिंसेवर चर्चा करायला आलेल्या माणसाला अहिंसेचा अर्थ सापाच्या पिंजऱ्यापाशी आणि संडासाच्या मातीपाशी जितका स्पष्ट झाला असेल, तितका तो सभेच्या मंडपात झाला असेल असे मानणे कठीण आहे.

आलेल्यांपैकी काहींनी हा प्रवास ग्रंथरूपाने नोंदला. ब्रिटिश लेखिका व्हेरा ब्रिटन यांचे भारतप्रवासावरील पुस्तक १९५१ मध्ये निघाले. दक्षिण आफ्रिकेच्या फोर्ट हेअर महाविद्यालयातील निवृत्त प्राध्यापक डी. डी. टी. जबावू यांनी आपले प्रवासवर्णन झोसा या आपल्या मातृभाषेत लिहिले, आणि त्यामुळे वर्ध्याच्या परिसराची ओळख अशा वाचकांपर्यंत गेली ज्यांच्यासाठी भारताविषयी त्यांच्या भाषेत फारसे काही उपलब्ध नव्हते. ज्या देशात नुकतेच वर्णभेदाचे सरकार आले होते त्या देशातून आलेला एक आफ्रिकी विद्वान, त्याच्याबरोबर त्याच देशात राहणारे गांधींचे पुत्र मणिलाल, आणि त्यांच्या शेजारी युरोपातील युद्धविरोधक असे एकाच पंगतीत बसले, ही घटना एखाद्या ठरावापेक्षा मोठी होती. अमेरिकेच्या हॉवर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सन हेही या बैठकीसाठी भारतात आले होते. परतल्यावर १९५० मध्ये फिलाडेल्फियाला त्यांनी गांधींवर व्याख्यान दिले. श्रोत्यांत विद्यार्थिदशेतील मार्टिन ल्यूथर किंग होते, आणि त्या व्याख्यानानंतर आपण गांधींविषयीची पुस्तके विकत घेतली असे त्यांनी स्वतः पुढे लिहिले. मेज आणि जॉन्सन या दोघांनाही वर्ध्याच्या वाटेने गांधीविचाराशी जोडले, आणि दोघांचाही हात किंग यांच्या घडणीला लागला. संयोजकाने वेळेवर पाठवलेले एखादे पत्र किंवा राखून ठेवलेला एखादा डब्यातला बाक यांचे मोल असे नंतरच कळते.

१९४९ नंतर सेवाग्रामचे स्वरूप बदलत गेले. कस्तुरबा रुग्णालयाच्या आधारे १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली आणि वैद्यकीय परिषदांचे पाहुणे येऊ लागले. त्याच वर्षी पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात झाले, तर २०२३ च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली ते पुन्हा येथे भरले. १९३६ पासून वर्ध्यात काम करणाऱ्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने जानेवारी १९७५ मध्ये पहिले विश्व हिंदी संमेलन भरवले ते नागपूरला. मोठ्या संख्येने येणाऱ्या परदेशी प्रतिनिधींना सामावून घेणारे शहर तेव्हा तेच होते. त्या संमेलनात मांडलेल्या विद्यापीठाच्या मागणीतून १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय वर्ध्याला सुरू झाले.

जानेवारी १९७८ मधील एक परिषद मात्र वेगळी थांबून पाहण्याजोगी आहे. जगातील गरिबांना उपयोगी पडणाऱ्या तंत्रज्ञानावर सेवाग्रामला झालेल्या त्या परिषदेचे उद्घाटन ‘शाळाविरहित समाजा’चा विचार मांडणारे इव्हान इलिच यांनी केले, आणि बोलायचा विषय म्हणून त्यांनी बापूकुटीच घेतली. त्या झोपडीत बसून त्यांनी तिच्यातील जागा मोजल्या: पादत्राणे काढण्याची, मधली खोली, गांधींची बसण्याची, पाहुण्यांची, आजाऱ्यांची, उघडा व्हरांडा आणि न्हाणीघर. सात जागा, आणि त्यांतील एक पाहुण्यासाठी, एक आजाऱ्यासाठी. सुखसोयींनी भरलेले घर माणसाला दुबळे करते, तर ही झोपडी माणसाच्या मापाची आहे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. त्यांच्या आधी चाळीस वर्षे पाहुण्यांना जे सोसावे लागले असे वाटे, त्यालाच त्यांनी विचाराचा विषय केले.

आज वर्ध्याला येणाऱ्या प्रतिनिधीला नागपूरच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून मोटारीने येता येते आणि डिसेंबर २०२२ मध्ये खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गाने हा प्रवास आणखी सुकर झाला आहे. रेल्वेने येणाऱ्याने तिकीट काढताना एक काळजी घ्यावी लागते, कारण मुंबई-हावडा मार्गावरील गाड्या वर्धा जंक्शनला थांबतात, तर दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या अनेक गाड्या पूर्वी वर्धा ईस्ट म्हटल्या जाणाऱ्या आणि आता सेवाग्राम नाव असलेल्या स्थानकाला थांबतात. दोन्ही स्थानके वर्धा शहरालगतची आहेत, आणि सेवाग्राम स्थानकावर उतरणाऱ्यालाही आश्रम गाठायला पुढे काही किलोमीटरची रिक्षा करावीच लागते. जिल्ह्यात दारूबंदी लागू आहे, हेही बाहेरच्या माणसाला आधी सांगितलेले बरे. आश्रमासमोर यात्री निवास आहे, बापूकुटीच्या अंगणात सकाळ-संध्याकाळची सर्वधर्मप्रार्थना अजून नेमाने होते, आणि परतणाऱ्याने वर्धा शहरातून गोरस भांडाराचा गाईच्या तुपातला गोरसपाक घेतल्याशिवाय गाडीत बसू नये, असा वर्धेकरांचा आग्रह असतो. १९४१ मध्ये जमनालालजींनी हाती घेतलेल्या गोसेवेच्या कामाची ती अजून चालू असलेली शाखा आहे.